चुकारामागे गेलेला गडी

शिरूर आणि दौंड ही काही प्रवासाला जायची ठिकाणं नव्हेत, असं पुण्यातल्या माणसांचं ठाम मत असतं. नगरला जाताना शिरूर लागतं, सोलापूरला जाताना दौंड लागतं. लागतं एवढंच, तिथे कोणी उतरत नाही. मीही आयुष्यभर दोन्हीवरून पेंगत गेले. त्या जानेवारीत मात्र उतरले, आणि ज्यांनी हा मुलूख फक्त खिडकीतून पाहिला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धबधबे आणि सूर्यास्त हवे असतील त्यांनी महाबळेश्वर गाठावं, माझ्याकडे तसलं काही नाही.

मी गेले नवनाथमुळे. नवनाथ माझ्याच कॉलेजात, माझ्याच इलेक्ट्रॉनिक्स विभागात शिकवायचा. माझ्याहून बराच लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायची आणि तो मला ‘बाई’ म्हणत माझ्याशी भांडायचा. भांडण बहुतेक वेळा लघुग्रहांवरून. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडांचा एक मोठा कळप सूर्याभोवती फिरत असतो. त्यातले काही कळप सोडून भरकटतात आणि पृथ्वीच्या वाटेजवळून जातात. नवनाथ त्यांना ‘चुकार’ म्हणायचा. कळपातून चुकलेलं मेंढरू ते चुकार, हा त्याच्या घरचा शब्द. त्याचे वडील उमेदीत मेंढरं घेऊन हिंडलेले धनगर, पुढे कांदा करायला लागले.

“बाई, एका चुकारासाठी कोणी सगळा वाडा हलवतं का?” तो म्हणायचा. वाडा म्हणजे आपला पेशवाई चौकाचा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं यांच्यासकट रानात पडलेला तळ. “एकच गडी जातो. काठी घेतो, भाकरी बांधतो, निघतो. यानसुद्धा तसंच पाहिजे. लहान, स्वस्त आणि एकटं.”

त्याने तसं यान कागदावर उतरवलं होतं. मोठ्या उपग्रहाच्या अग्निबाणात कोपऱ्यात थोडी जागा उरते, तिथे पाहुण्यासारखं बसून वर जायचं. मग आपल्या चिमुकल्या इंजिनावर महिनोन्महिने सरकत चुकाराच्या वाटेवर पोचायचं, एकदाच त्याच्या जवळून जायचं, फोटो काढायचे, दगड कशाचा आहे ते बघायचं आणि कळवायचं. बाजारात मिळतो तो कॅमेरा, बाजारात मिळतात त्या बॅटऱ्या. अंतर इतकं की इथून हाक मारली तर तिथून ‘ओ’ यायला काही मिनिटं लागणार. त्या थांबण्याचाही नवनाथने आराखड्यात वेगळा तक्ता केला होता. परतीचं इंधन मात्र कुठेच धरलेलं नव्हतं, कारण त्याला परत यायचंच नव्हतं.

परदेशातलं असंच एक आटोपशीर यान एका लघुग्रहाभोवती वर्षभर फिरून शेवटी त्याच्यावर अलगद टेकलं, तेव्हा याने स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आराखडा वर पाठवला, तो वरच राहिला. आणि मग दिवाळीच्या तोंडावर नवनाथला कावीळ झाली. साधी वाटली, साधी नव्हती. अजून लग्नसुद्धा झालं नव्हतं त्याचं.

मागे उरलं ते यानाचं खोकं. तेलाच्या डब्याएवढा ॲल्युमिनियमचा सांगाडा, चारी बाजूंनी पत्रा, एका अंगाला कॅमेऱ्यासाठी रिकामी खाच, बूड उघडं. कॉलेजला ती खोली संगणकांसाठी हवी होती. खोकं भंगारात जायच्या आत मी उचललं आणि ठरवलं, त्याच्या आईवडिलांना नेऊन द्यावं.

*कवठे येमाई*

एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “मॅडम, स्टॅबिलायझर का? आमच्या टीव्हीचा पन गेलाय.” मी नाही म्हटलं. शेजारच्या बाईंना ते पिठाच्या गिरणीचं वाटलं. शिरूरच्या स्टँडवर मिसळ मागवली, तर तर्री अशी आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि हॉटेलवाल्याने न सांगता ताकाचा ग्लास आणून ठेवला. पुण्यात हे झालं असतं तर आधी ‘तिखट झेपत नाही तर मागवता कशाला’ हे ऐकावं लागलं असतं.

कवठ्याला पोचले तेव्हा दुपार कलली होती. कांद्याचे हिरवेगार वाफे, मध्येच डाळिंबाच्या बागा, आणि वारा असा गार की जानेवारी आहे हे कोणी सांगायला नको. नवनाथची आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं, माझा हात धरला आणि मला शेजारी बसवून घेतलं.

मग म्हणाली, “आप्पा घरी न्हाईत, बाई. पोरगं गेल्यापास्नं न्हाईत.”

आप्पा म्हणजे नवनाथचे वडील. दहाव्याच्या विधीलासुद्धा ते बसले नव्हते. मेंढरं सोडून किती वर्षं झालेली, तरी त्यांचा पुतण्या बिरू आपला कळप घेऊन ऊसपट्ट्यात निघाला तसे खांद्यावर घोंगडी टाकून त्याच्यामागे गेले. आणि आता बिरूचा टेलिफोन बूथवरून निरोप आला होता, की दौंड-पाटसच्या मध्ये एका रानात वाडा पडलाय आणि आप्पा तो हलवू देत नाहीत. चारा संपला, मेंढरं अर्धपोटी आहेत, शेतमालकाला नांगरट करायची आहे. पण वडीलधाऱ्याचा शब्द मोडून तळ उठवायचा नसतो.

“का हलवू देत नाहीत?” मी विचारलं.

“गडी परत आला न्हाई म्हनून.”

मला काही कळेना. तेव्हा मावशींनी, म्हणजे नवनाथच्या आईने, नीट सांगितलं. चुकारामागे गडी गेला असेल तर तो येईपर्यंत वाडा हलवायचा नाही, ही यांची जुनी रीत. गडी दमून परत येणार आणि तळ जागेवर नसला तर त्याने जायचं कुठे? “मागल्या उन्हाळ्यात नवनाथ आला तवा बापाला म्हनला, आप्पा, येत्या थंडीत एक चुकार आपल्या जवळनं जानार हाय. त्याच्यामागं आमचा गडी धाडायचाय. आता थंडी आली. ह्यांच्या मनानं घेतलंय की गडी गेलाय.”

आमच्याकडे कोणाला उशीर झाला तर ताट झाकून ठेवतात आणि बाकीचे जेवून घेतात. इथे सगळं बिऱ्हाड थांबतं.

“बाई, तुमी त्याच्यासंगं व्हता. खरं सांगा, गेलंय का ते?”

“नाही, मावशी. ते कधी तयारच झालं नाही. एवढं खोकंच झालं.”

तिने खोक्याच्या खाचेत डोकावून पाहिलं. “ह्यात कोन बसनार व्हतं?”

“कोणी नाही. माणूस नसतो त्यात.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पदराने पत्र्यावरची धूळ पुसायला लागली. मला तिथे राहवेना. मी उठून रांजणाचं पाणी प्यायचं निमित्त केलं.

खोकं तिने ठेवून घेतलं नाही. “आधी त्यांना दावा. आमचं कुनाचं ऐकत न्हाईत. तुमी त्याच्या बाई, तुमचं ऐकतील. आन् तेवढं त्यांना घरी धाडा. पोरगं गेलं, आता म्हातारा पन रानात गेला तर मी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?”

रात्री हुलग्याचं माडगं आणि शेंगदाण्याची चटणी जेवले. सकाळी निघताना तिने फडक्यात बांधलेली एकच बाजरीची भाकरी माझ्या हातात दिली. भोगीचा दिवस होता, गावभर तीळ लावलेल्या भाकऱ्यांचा वास सुटला होता. या भाकरीला तीळ नव्हते. “यंदा आमाला सण न्हाई,” ती म्हणाली. “पर त्यांना माझ्या हातची भाकर कळंल.”

*मांडवगण फराटा*

शिरूरला परत येऊन न्हावऱ्यामार्गे मांडवगण गाठलं. गाडी वाटेत पंक्चर झाली आणि मी खोकं रस्त्याच्या कडेला ठेवून त्यावरच बसले. अवकाशयानावर बसून चिक्की खाणारी मी बहुधा पहिलीच असेन. नवनाथला हे सांगायला पाहिजे, असं पटकन मनात आलं, आणि मग चिक्की तोंडात तशीच राहिली. असं त्या तीन दिवसांत अनेकदा झालं.

मांडवगणमध्ये बिरूच्या ओळखीचे साळवे राहतात; वाड्यापर्यंत ते पोचवतील, असं मावशी म्हणाल्या होत्या. पाटसच्या साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आणि घरची थोडी शेती. आधी मेंढरं त्यांच्याच रानात बसली होती. इकडे मेंढरं शेतात मुक्कामाला बोलावतात, लेंडीचं खत होतं म्हणून; आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो. आमच्या सोसायटीत चार पाहुणे जास्त आले तर पाण्याच्या टाकीवरून बोलणी बसतात. इथे शेकडो पाय शेतात उतरले की घरचे खूष.

साळव्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. त्यांच्या बायकोने वांग्याचं भरीत केलं होतं आणि मी नको म्हणायच्या आत दुसऱ्यांदा वाढलं.

“म्हातारा लई मायाळू,” साळवे सांगत होते. “आमच्या रानात व्हते तवा माझ्या आईशी तासन् तास बोलायचे. पर मॅडम, रडले न्हाईत. आमच्यात मानूस गेलं की जलदान विधी करतो, सगळे जमतो, गाथा म्हंतो, रडतो, जेवतो. मानूस मोकळा व्हतो. हे बसलेच न्हाईत कशाला. पोराचं नाव निघालं की म्हनायचे, त्याचा गडी वाटंवर हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली शिफ्ट होती. मोटारसायकलवर मागे मी, माझ्या मांडीवर खोकं. “धरून बसा पॅनल बॉक्स,” ते म्हणाले. मी आता कोणाचीच चूक दुरुस्त करत नव्हते.

*दौंडच्या वाटेवर*

भीमा ओलांडली तसा उसाचा मुलूख सुरू झाला. दोन्हीकडे तुऱ्याला आलेले फड, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांवर मोठ्याने लावलेली गाणी, आणि हवेत मळीचा तो गोड-आंबट वास. साळव्यांना वाडा दौंडच्या अंगाला असल्याचं वाटत होतं, म्हणून आम्ही आधी दौंडपर्यंत जाऊन आलो. तिथे रेल्वे फाटक पडलेलं, मालगाडी काही केल्या संपेना, आणि साळवे सारखे घड्याळ बघत होते. मग एका चहावाल्याने सांगितलं, “धनगरं व्हय? तिकडं पाटसकडं, तोडलेल्या फडात हायेत. हालंनात कुठं.” म्हणजे गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती.

साळव्यांनी मला बांधावर सोडलं आणि ते कामाला गेले.

तोडलेल्या उसाचं रान. बुडखे तेवढे राहिलेले, आणि त्यांच्यावरचं पान न् पान मेंढरांनी खाऊन संपवलेलं. मेंढरं बसली होती, काही माती हुंगत होती. बांधावर नांगर जोडलेला ट्रॅक्टर उभा, आणि त्याच्या सावलीत शेतमालक उकिडवा बसलेला. तो चिडलेला असता तर बरं झालं असतं. तो बिचारा खाली मान घालून बसला होता. “पोरगं गेलेल्या मानसाला ऊठ कसं म्हनायचं, बाई?” एवढंच म्हणाला.

बिरू चाळिशीतला, राकट, पण डोळे थकलेले. त्याने मला हळूच सांगितलं, “तशी दुसरी पन रीत हाय. लईच अडलं तर मागं भाकर ठिवायची आन् निघायचं. दगडानं वाट दावायची. पर ते मोठ्यानं ठरवायचं आसतं. मी कसं म्हनू?”

आप्पा चुलीपाशी बसले होते. पांढरं धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडी. तोच नवनाथचा रुंद कपाळपट्टीचा चेहरा, फक्त वाळलेला. मी पाया पडले. त्यांनी मेंढीच्या दुधाचा चहा स्वतः करून दिला. तो इतका दाट होता की घोट गिळायला वेळ लागला, आणि मला तो वेळ हवाच होता. मग मी खोकं त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे काय, बाई?”

“आप्पा, नवनाथचा गडी. चुकारामागे धाडायचा होता ना, तो हा.”

माझं बोलणं असं चुकलं. मला ‘धाडायचा होता’ म्हणायचं होतं, त्यांनी ऐकलं ते फक्त ‘तो हा’. त्यांचा चेहरा एकदम उजळला. खोकं दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मांडीवर घेतलं.

“आला? कवा आला? चुकार घावला का त्याला?”

मी बिरूकडे पाहिलं. तो आप्पांच्या मागून मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. खरंच किती सोपं होतं! हो म्हटलं असतं की वाडा उठला असता, मेंढरांना चारा मिळाला असता, ट्रॅक्टर सुरू झाला असता, आणि मावशींचा माणूस संध्याकाळच्या आत घराकडे वळला असता. मला हो म्हणायचं होतं. पण त्यांनी चुकार घावला का ते विचारलं होतं. मी जे सांगेन ते आप्पा नवनाथने केलं म्हणून गावोगाव सांगणार होते, आणि नवनाथ असता तर एका फोटोशिवाय त्याने ते कोणाला मानू दिलं नसतं.

“आप्पा, आला नाही,” मी म्हटलं. “गेलाच नव्हता. एवढाच तयार झाला होता. नवनाथ गेल्यावर काम थांबलं.”

त्यांनी खाचेत बोटं घातली, आत काही आहे का चाचपलं. मग उघड्या बुडातून हात आत घातला. आत काहीच नव्हतं.

“गेलाच न्हाई?”

“नाही.”

“मंग चुकार?”

“तो गेला पुढे. याच आठवड्यात. परत यायला त्याला पुष्कळ वर्षं लागतील.”

“मंग मी कुनासाठी थांबलोय?”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आप्पा मात्र शांत होते. माझ्याकडे न बघता बोलायला लागले. “मला ठावं हाय, बाई. अग्नी मीच दिलाय त्याला. येडा न्हाई झालो मी. पर वाटायचं, त्याचा गडी वाटंवर हाय तवर पोराचं काम चालू हाय. काम चालू हाय तवर...” त्यांनी खोक्यावर कपाळ टेकलं, आणि तो म्हातारा माणूस जो काही रडला तो सगळ्या रानाने ऐकला. बिरू तोंड फिरवून उभा राहिला. बांधावरचा शेतमालक उठला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

बऱ्याच वेळाने मी फडक्यातली भाकरी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी फडकं ओळखलं.

“तिनं दिलीया?”

“हो. घरी या म्हणाल्या. कोणाच्या तोंडाकडे बघायचं, म्हणाल्या.”

भाकरी वाळून कडक झाली होती. त्यांनी ती मधोमध मोडली. अर्धी चहात बुडवून सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग पटका सारखा करून उठले आणि म्हणाले, “बिरू, आवर रं.”

इतके दिवस अडलेला वाडा बघता बघता उठला. जाळी गुंडाळली, घोडीवर बोचकी चढली, कोकरं टोपल्यांत बसली, कुत्री पुढे धावली. आप्पांनी चूल विझवली, पण तिचे तीन दगड काढले नाहीत. मधल्या राखेवर एक सपाट दगड ठेवला आणि त्यावर ती उरलेली अर्धी भाकरी. कावळा-कुत्र्याने नेऊ नये म्हणून तिच्यावर पालथं काहीतरी घालायचं असतं. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते खोकं उचलून भाकरीवर बसवलं. नीट बसलं. मी ते मावशींच्या घरात, नवनाथच्या फोटोशेजारी, फळीवर राहील असं मनात धरून आणलं होतं. शेतमालकाने चुलीकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, “तेवढी जागा सोडून नांगर धर.”

मग आप्पांनी एक लांबट दगड शोधला आणि चुलीच्या बाजूला आडवा लावला. मागून येणाऱ्याने त्याच्या टोकाकडे चालायचं. टोक उत्तरेला होतं, कवठ्याच्या अंगाला.

“घरी?” मी विचारलं.

“घरी,” ते म्हणाले. “ती एकली हाय.”

मेंढरं बांध ओलांडून रस्त्याला लागली. आप्पा सगळ्यांत मागे होते. बांधावर चढून ते थांबले, उलटे वळले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मोकळ्या रानाकडे बघून हाक मारली.

“नवनाथाऽऽऽ!”

निघताना एकदा हाक मारायची असते, बिरू मला म्हणाला, आणि ‘ओ’ येण्याइतकं थांबायचं असतं.

ट्रॅक्टर अजून बंदच होता. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज तेवढा लांबून येत होता. आप्पा मान थोडी तिरकी करून ऐकत उभे राहिले. हाकेला उत्तर यायला किती वेळ लागेल, किती वेळ थांबायचं आणि मग गप्प व्हायचं, याचा नवनाथने तक्ता केला होता. आप्पा त्याहून जास्त थांबले. मग त्यांनी हात खाली घेतले, काठी उचलली आणि मेंढरांच्या मागे चालू लागले.